सहलीची मजा घालवणारे मामा

सबंध लालबाग-परळमध्ये लोकांच्या सहलीची मजा घालवण्याचं काम माझ्या मामेसासऱ्यांइतकं मन लावून दुसऱ्या कुणी केलं नसेल. माणसं सहलीला जातात ती ओरडायला, भिजायला, घरी मिळत नाही ते खायला आणि घरी चालत नाही ते करायला. मामा सहलीला नेत ते नेमकं हे सगळं बंद ठेवून. आणि तरीही दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी परळच्या एस.टी. डेपोत आमच्या चाळीतली पंधरा-वीस माणसं जांभया देत त्यांच्यामागे रांगेत उभी असत. असं का, हे कोडं मला लग्नानंतर बरीच वर्षं सुटलं नाही. मी मूळची गिरगावातली. आमच्याकडे सहल म्हणजे चौपाटीवर जाऊन भेळ खायची आणि पायाची वाळू झटकत घरी यायचं. लालबागच्या चाळीत सून म्हणून आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच बजावलं होतं, "माझा भाऊ सहलीला चल म्हणाला, तर पोटात दुखतंय म्हणून सांग." मी नवी नवरी, खोटं बोलायला संकोचले आणि मामांना हो म्हणून बसले.

मामा मिलमध्ये साच्यांवर होते. साचा म्हणजे माग. पण गिरणगावात मागाला माग म्हणणारा माणूस बाहेरचा, हे मला तिथे गेल्यावर कळलं. संप सुरू झाला, भोंगे थांबले आणि चाळीतली निम्मी माणसं दाराला कुलपं घालून आपापल्या गावी गेली. मामांना गाव नव्हतं. होतं म्हणजे कोकणात, पण तिथलं घर चुलत्यांनी आणि समुद्राने अर्धं अर्धं वाटून घेतलं होतं. मामींच्या शिलाई मशीनवर घर चालत होतं, आणि दिवसभर घरात बसलेला नवरा मशीनच्या पॅडलमध्ये येतो, अशी मामींची तक्रार होती. तेव्हा मामांनी मिलमधल्या सोबत्यांची गावं करायला सुरुवात केली. कुणी साताऱ्याकडचा, कुणी कणकवलीचा, कुणी चंदगडचा. "ये रे आमच्याकडे" असं ज्याने ज्याने जेवणाच्या सुट्टीत कधी सहज म्हटलं असेल, त्याच्या दारात मामा पिशवी घेऊन उभे. बरं, ज्याच्याकडे जात त्याचंही काम गेलेलं. फुकटचा घास मामांच्या घशाखाली उतरेना. मग त्यांनी कुणाची कौलं परतली, कुणाचा भात लावला, कुणाची म्हैस धुतली. दीड वर्ष असं फिरल्यावर त्यांचा एक नियम पक्का झाला. तो ते आम्हाला प्रत्येक सहलीत ऐकवत: "आपण गेल्यामुळे ज्या घरातल्या बाईला एक घागर जास्त आणायला लागते, ती घागर आपण आणायची. घागर जमत नसेल तर जायचं नाही." संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलं नाही, तो नुसता विरत गेला. मामांना मिलने परत घेतलं नाही. परळच्या एका इस्पितळात ते लिफ्टमन म्हणून लागले. सहा दिवस माणसांना वर-खाली नेऊन कंटाळलेला हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी त्यांना लांब न्यायला निघे.

सहलीची सुरुवात आदल्या संध्याकाळी गॅलरीत होई, आणि ती झडतीने होई. प्रत्येकाने आपली पिशवी मामांपुढे उघडायची. पिशवीसुद्धा मामींनी शिवलेली, कापडाची. वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, पत्रावळीऐवजी कुणी थर्माकोलच्या ताटल्या घेतल्या असतील तर त्या, हे सगळं एका बाजूला काढलं जाई आणि सोमवारी परत मिळे. तळमजल्यावरच्या टेलरने एकदा नवाकोरा टेपरेकॉर्डर आणला. मामांनी तो कौतुकाने उलटसुलट करून पाहिला. विचारलं, "ह्याचा आवाज किती जातो?" टेलर फुलून म्हणाला, "गल्लीच्या टोकापर्यंत जातो मामा, स्टिरिओ आहे." "मग हितंच लावून ठेव," मामा म्हणाले, "आम्ही डेपोपर्यंत ऐकत जाऊ." टेलरने तो निमूटपणे घरी ठेवला आणि सूड म्हणून जाताना सबंध रस्ताभर स्वतः गायला. त्याला मामांची हरकत नव्हती. माणसाचा गळा दमतो, मशीन दमत नाही, असं त्यांचं गणित होतं.

येताना त्याच पिशवीत कचरा भरून आणायचा. अंड्यांची टरफलं, संत्र्याच्या साली, शेंगांची फोलपटं, सगळं. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे मला राहवेना. मी म्हटलं, "मामा, केळ्याची साल कुजते. तिचं खत होतं." मामा म्हणाले, "कुजते गो, पण त्याआधी माकड येतं. आज सालीला येईल, उद्या कुणाच्या तरी डब्याला येईल, परवा चुलीपाशी जाईल. मग गाववाले त्याला दगड मारतील आणि आपण इथं बसून म्हणू, माकडं माजली." मी साल पिशवीत टाकली आणि एस.टी.त चार तास तो वास घेत मुंबईला आले. सोमवारी सकाळी चाळीच्या कचऱ्याच्या पेटीत हा सगळा ऐवज पडे. झाडूवालीने एकदा मामींना विचारलं, "काल तुमच्याकडं कुणाचं लगीन होतं का? आमाला कसं नाय बोलवलं?"

माझी पहिली सहल कर्जतच्या पुढे एका ठाकरवाडीला होती. वाडीच्या अलीकडे आंब्याचं मोठं झाड होतं. तिथे मामा थांबले, चपला काढल्या आणि मांडी घालून बसले. आम्हीही बसलो. मला वाटलं, विसाव्याला थांबलो असू. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. समोर चुलींचा धूर दिसत होता आणि माझ्या पोटात कावळे ओरडत होते. मी विचारलं, "मामा, जायचं ना आत?"

"कुणी बोलावलं की जाऊ."

"पण त्यांना माहीत आहे का, आपण आलोय ते?"

"अठरा माणसं झाडाखाली बसलीयत, सूनबाई. त्यांना दिसत नसतील?" मामा म्हणाले. "तुझ्या घरात कुणी दार लोटून घुसलं आणि तुझी चूल बघून 'किती छान' म्हणालं, तर चालेल तुला?"

तासाभराने एक म्हातारा काठी टेकत आला. त्याने आमच्याकडे एकेकाला निरखून पाहिलं आणि विचारलं, "कुणाची वाट बघतायसा?" मामा हात जोडून म्हणाले, "तुमचीच." म्हातारा ओशाळला. "आम्हाला वाटलं तुम्ही मतं मागायला आलाव," तो म्हणाला, "म्हणून पोरांना सांगून ठेवलं, कुणी बाहेर जायचं नाय." नंतर त्याच म्हाताऱ्याच्या अंगणात आम्ही नाचणीची भाकरी आणि रानभाजी खाल्ली. माझ्या नणंदेने दुधाचा चहा मागितला, तेव्हा मामांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुढे दोन वर्षं घरीसुद्धा कोरा चहा पीत होती. त्याच सहलीत माझ्या दिराने मोळी घेऊन चढ चढणाऱ्या एका आजीचा फोटो काढायला कॅमेरा डोळ्याला लावला. मामांनी तो हाताने खाली केला. म्हणाले, "आधी मोळी वर पोचव." दीर बँकेत कामाला, आयुष्यात कधी डोक्यावर छत्रीपलीकडे काही घेतलेलं नाही. त्याने धापा टाकत मोळी वर नेली. आजीने वर पोचल्यावर पदराने तोंड पुसलं, केस सारखे केले आणि म्हणाली, "हां, आता काढ. पण तुझाबी काढ त्या मोळीसंगं, लई सोभतोस." तो फोटो आमच्याकडे अजून आहे. त्यात आजी हसते आहे आणि दीर मेल्यासारखा दिसतो आहे.

लांब जायला सुट्टी नसेल तेव्हा मामा आम्हाला शिवडीला नेत. हिवाळा सरता सरता शिवडीच्या खाडीतल्या चिखलावर फ्लेमिंगो उतरत, गुलाबी, हजारोंनी. आज तिथे गाड्या लावायला जागा मिळत नाही, पण त्या काळी हाकेवर राहणाऱ्या आमच्या चाळीतही हे कुणाला ठाऊक नव्हतं. निघायच्या आधी भरतीची वेळ कळायला हवी. मी म्हणाले, "कॅलेंडरात तिथी बघून सांगते की." मामांना ते पसंत नव्हतं. "चिखल ज्याचा, त्याला विचारायचं," म्हणून ते आदल्या दिवशी बंदरावर जाऊन तिथे मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्या कोळ्याला वेळ विचारून येत. तो कोळीही भारी होता. आम्ही धक्क्यावर जमलो की तो आमच्याकडे न बघताच सांगे, "पानी चढलं की पाखरं आपसूक जवल येतील. तवर गप रावा." आम्ही दोन तास गप राहत असू. बोलायचं झालंच तर कुजबुजायचं. त्याची इतकी सवय लागे की एकदा परतीच्या बसमध्येही आम्ही अठराजण माना खाली घालून कुजबुजतच बसलो होतो. कंडक्टर जवळ आला, आवाज उतरवून मामांना म्हणाला, "कोण गेलं?" मामा तितक्याच हळू आवाजात म्हणाले, "लालबाग, अठरा."

आता जे सांगणार आहे, ते सांगताना मला इतकं हसता येणार नाही, कारण त्यात चूक माझी होती. साच्यांवर मामांच्या शेजारी चौदा वर्षं उभे राहिलेले भागोजी म्हणून त्यांचे दोस्त होते. संपात ते गावी गेले ते तिथेच राहिले. सह्याद्रीच्या कुशीत त्यांचं गाव. नाव मी सांगणार नाही. गावामागे देवीचं रान आहे, देवराई. तिथली वाळलेली काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. आत दगडी कुंड आहे, त्यातल्या झऱ्याचं पाणी गाव पितं. आणि एका जुनाट झाडाच्या ढोलीत धनेशाचं घरटं होतं. धनेश म्हणजे ती मोठ्या चोचीची पाखरं. मादी अंडी घालायला ढोलीत शिरली की दार चिखलाने लिंपून घेते, आणि नर फटीतून तिला महिनोनमहिने भरवतो. मामांचं हे सगळ्यांत लाडकं ठिकाण. वर्षातून एकदा, बारा माणसं, एवढंच ते तिथे नेत. कुंडाजवळ ते तासन्‌तास काही न बोलता बसत, आणि मामी म्हणत, "मिलमध्ये साच्यांच्या खडखडाटात वीस वर्षं गेली त्यांची. हे ऐकणं चाललंय ते आता."

मी तेव्हा हौसेने लिहीत असे. एका वर्षी तिथून आल्यावर मामांना न सांगता, त्यांना आनंद होईल म्हणून, त्या देवराईवर लेख लिहिला आणि एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीला पाठवला. झऱ्याचं वर्णन तर मी असं केलं की शेवटी मलाच तहान लागली. कुठली एस.टी., कुठला फाटा, फाट्यावरच्या वडापासून किती चालायचं, सगळं नीट लिहिलं. वाचकांची गैरसोय नको म्हणून नकाशाही काढून दिला; तो त्यांनी छान ठळक छापला. इस्पितळातल्या एका नर्सने तो मामांना लिफ्टमध्ये दाखवला. संध्याकाळी मामा घरी आले, पान घडी करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "चांगलं लिहिलंयस. गावाचं नाव घालायला नको होतं." मला राग आला. नाव घालायचं नाही तर लिहायचं कशाला, असं मी नवऱ्यापाशी दोन दिवस धुसफुसत होते.

दोन महिन्यांनी भागोजींचं अंतर्देशीय पत्र आलं. मामांचा चष्मा सापडत नव्हता म्हणून ते मीच मोठ्याने वाचलं. दर रविवारी जीपगाड्या येतात, असं भागोजींनी लिहिलं होतं. कुंडात साबण लावून आंघोळी होतात. गावातल्या बायका आता खालच्या ओढ्यावरून पाणी आणतात, जाऊन-येऊन दीड तास लागतो. धनेशाची ढोली दिसते म्हणून कुणी तिच्यावर दगड मारले. नर यायचा थांबला. मादी चार दिवस आत होती, मग दार फोडून निघून गेली. आत पिल्लू होतं की अंडं, ते बघायला कुणी वर चढलं नाही. शेवटी लिहिलं होतं, "सूनबाईंनी लिवलेला कागद लोकांच्या हातात असतो. त्यांना रागावू नये. त्यांना काय म्हाईत." मामांनी पत्र घेऊन त्याची घडी केली. म्हणाले, "उद्या शाळेत रजा टाक. आपल्याला जायचंय."

त्या प्रवासात मामा माझ्याशी नेहमीसारखं बोलत होते, आणि तेच मला सोसत नव्हतं. गावात पोचलो. वाडीतल्या बायका ओढ्यावरून घागरी घेऊन चढ चढत होत्या. भागोजींची बायको, सगळे त्यांना सरूवहिनी म्हणत, मला दारात पाहून थांबल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. त्यांनी घागर खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रडू नका बाई. आदीच पाणी खराब झालंय हितलं." मग कोपऱ्यातला खराटा उचलून माझ्या हातात दिला. एवढंच. त्या दिवशी मी आणि मामांनी कुंडातून काय काय काढलं, त्याची यादी करत नाही. संध्याकाळी माझे हात साबणाच्या पुड्यांच्या चिकट वासाने भरले होते, आणि मामा पायरीवर बसून एका फुटलेल्या बाटलीचे तुकडे वेचत होते. मी म्हणाले, "मामा, तुम्ही मला रागवा तरी." मामा म्हणाले, "मी तुला इथं आणली ना? मग निम्मं माझं. रागवायला उरलं काय?"

चाळीत परत आलो आणि मी सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी डेपोत नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. टेलर होता, दीर होता, कोरा चहा पिणारी नणंद होती. मामांच्या झडतीला वर्षानुवर्षं नावं ठेवणारी ही सगळी मंडळी त्या पावसाळ्यापर्यंत दर रविवारी त्या रानात खराटे घेऊन उभी असत. कचऱ्याची पोती एस.टी.च्या टपावर चढवताना कंडक्टर म्हणे, "ह्यात काय आहे?" टेलर म्हणे, "सूनबाईंचा लेख."

मामा मात्र रानात येत नसत. ते फाट्यावर, वडाखाली बसत. जीप आली आणि कुणी रस्ता विचारला, की सांगत, "रस्ता खचलाय, परत जा." पहिल्या दोन रविवारी हे चाललं, पण खोटं बोलण्याचा त्यांना इतका त्रास झाला की तिसऱ्या रविवारी त्यांनी नवा उपाय काढला. ते जीपमध्येच चढून बसत आणि मंडळींना उलट्या बाजूच्या एका बोडक्या टेकडीवर घेऊन जात. त्या टेकडीवर काही म्हणजे काही नव्हतं. तिथे मामा त्यांना गवताचे प्रकार दाखवत, मुंग्यांचं वारूळ दाखवत, दूरवरचा एक म्हातारा बैल दाखवून त्याची कूळकथा सांगत. आणि नवल म्हणजे माणसं रमत. एक बाई तर जाताना म्हणाली, "पेपरात लिहिलं होतं त्याहून छान आहे हो देवराई." मामांनी हे मला मुद्दाम सांगितलं. माझ्या लेखणीवर त्यांनी केलेली तेवढी एकच टीका.

पण फाट्यावर एक माणूस किती दिवस बसणार? पाऊस सरल्यावर देवीच्या देवळात गाव बसलं. आम्हालाही बोलावलं. बोलल्या त्या सरूवहिनी. "माणसं यायची थांबणार न्हाईत," त्या म्हणाल्या. "आली तर आमच्या रीतीनं येऊ देत." त्यांनी बायकांनी ठरवलेलं सांगितलं. आठवड्याला आठ माणसं, आधी कळवून. वडापासून गावातली एक बाई सोबत असेल, ती म्हणेल तिथे थांबायचं. जेवण ज्या घराची पाळी असेल त्या घरी, आणि त्याचा मोबदला त्याच घराला. आणि रानात आत कुणी जायचं नाही. देवीचा वेशीवरचा दगड आहे, तिथपर्यंत. गावाने माना डोलावल्या. मग भागोजी म्हणाले, "मामांना सोडून." त्यावरही सगळ्यांनी माना डोलावल्या.

मामा उठून उभे राहिले. "सोडून कशाला?" ते म्हणाले. "मी पण बाहेरचाच."

"तुम्ही कुठं बाहेरचे, भावजी?" सरूवहिनी म्हणाल्या.

"मी आत गेलो की माझ्यामागनं सूनबाई येते. सूनबाईमागनं कागद येतो. कागदामागनं गाडी." मामा हसत हसत म्हणाले, पण ते खाली बसले तेव्हा त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि तो मला जड लागला. त्या दिवसानंतर मामा त्या रानात कधी गेले नाहीत. दर वर्षी गावात जात, वेशीवरच्या दगडाशी जाऊन बसत आणि संध्याकाळी उठत. दोन पावसाळ्यांत कुंड निवळलं. बायका पुन्हा तिथलं पाणी भरू लागल्या. येणारे पाहुणे सरूवहिनींच्या धाकाने असे वागत की मामांची झडती त्यापुढे सौम्य वाटावी. धनेशाची जोडी मात्र वरून उडत जाई, उतरत नसे.

वर्षं गेली. मामा निवृत्त झाले, मग गुडघ्यांनी त्यांना निवृत्त केलं. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं बंद झालं, तेव्हा एका हिवाळ्यात सरूवहिनी गावातल्या पाच-सहा बायकांना घेऊन त्यांना भेटायला मुंबईत आल्या. मामींनी भाकऱ्या थापायला घेतल्या, तर त्या सगळ्या जणींनी परात त्यांच्या हातून काढून घेतली. जेवणं झाल्यावर मामा गॅलरीत खुर्चीवर बसून त्यांना लालबाग दाखवत होते. एकीने विचारलं, "तुम्ही आन् भागोजीदादा कामाला हुता ती मिल कुठली?" मामांनी समोर बोट दाखवलं. तिथे काचेचा चाळीस मजली टॉवर होता.

"आत जाऊन बघता येतं व्हय?"

"नाही. दारावर माणूस आहे. आपल्याला सोडत नाही तो."

सरूवहिनी मामांच्या पायाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, आम्ही ठरवून आलोय. या उन्हाळ्यात गाडी करून तुम्हाला न्यायचं आन् रानात आत बसवायचं. कुंडापाशी. कुणी काय म्हणायचं न्हाई."

मामांनी त्या काचेकडे पाहिलं. मग म्हणाले, "नको वहिनी. तुम्ही म्हणालात, तेवढ्यानं जाऊन आलो." आणि विषय बदलून त्यांनी मिलबद्दल विचारणाऱ्या त्या पोरीला भाताची कापणी कशी झाली, ते विचारलं.

उन्हाळ्याच्या अखेरीला, पाऊस तोंडावर असताना, एका सकाळी सरूवहिनींचा फोन आला. मामा तेव्हा अंथरुणालाच खिळले होते, ऐकायलाही कमी येत होतं, म्हणून फोन मी घेतला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "मामा, धनेश ढोलीत बसले होते म्हणे या वर्षी. आज सकाळी रानातून बाहेर उडाले. दोन नाही, तीन."

मामांनी डोळे उघडले. "कुणी बघितलं?"

"कुणीच नाही. ढग खाली उतरले होते, दिसलं काहीच नाही. वहिनी म्हणतात, पंखांचा आवाज तिघांचा होता."

"बरं झालं," मामा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जसं मी कुठल्याही सहलीत पाहिलं नव्हतं. मग कूस बदलून ते शांत झोपी गेले. मी फोन हातात धरून तशीच बसले होते. पलीकडे सरूवहिनी थांबल्या होत्या, आणि त्यांच्या मागे कुठेतरी पाणी भरणाऱ्या बायकांचं बोलणं चाललं होतं.